मोठ्या संख्येच्या नादी कसं लागावं : देऊळघाटच्या होतकरूंसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळघाटातल्या अशा मंडळींसाठी आहे, ज्यांची सोयाबीन घरात आली आहे, तूर अजून उभी आहे आणि ज्यांना मधल्या दुपारी कुणाचंही भलं करायचं नाही. भलं करायला ग्रामपंचायत आहे, पतसंस्था आहेत, निवडणुका आहेत. इथे एक मोठी पूर्ण संख्या घ्यायची आणि तिच्यामागे हात धुऊन लागायचं, एवढाच कार्यक्रम.

पात्रता फार नाही. दहावीच्या गणितात ३५ गुण पुरेत. ९५ असतील तर जरा जपून, कारण अशा माणसाला ‘हे परीक्षेत येतं का’ हा प्रश्न लहानपणीच जडलेला असतो आणि तो सुटायला वेळ लागतो. बेरीज, वजाबाकी, गुणाकार यावा. भागाकार आला तर सोन्याहून पिवळं. हातचा विसरायची खोड असेल तर मात्र ती आधी मोडा. ह्या सगळ्या प्रकरणाचा जीव हातच्यात आहे.

साहित्य

पोरांची चौकटीची वही, शिसपेन्सिल, खोडरबर. एका चौकटीत एकच अंक, हा नियम कडक पाळा.

कॅल्क्युलेटर घेऊ नका. किराणा दुकानातल्या यंत्रावर साधारण बाराच अंक मावतात, आपल्याला सतरा लागणार आहेत. संगणकाचाही भरवसा धरू नका. सेवा केंद्रातल्या पोराला एक्सेलमध्ये १२३४५६७८९८७६५४३२१ टाइप करायला सांगा. तो मुकाट्याने करील, एंटर दाबील, आणि यंत्र शेवटचे २१ गिळून त्या जागी दोन शून्यं ठेवील. एक्सेल पंधरा अंकांपुढचं लक्षात ठेवत नाही आणि तसं सांगतही नाही. सातबाऱ्यावरचे २१ आर असे गेले असते, तर दुसऱ्या दिवशी तहसीलवर मोर्चा गेला असता. संख्येच्या बाजूने कोण बोलणार? म्हणून वही.

संख्या कोणती घ्यावी

नवशिके इथेच घसरतात. कुणी स्वतःचा मोबाइल नंबर घेतो, कुणी मोटारसायकलचा. प्रेम समजू शकतो, पण सुरुवातीला खानदानी संख्या घ्यावी. वर एक्सेलने जिचे दोन अंक खाल्ले तीच घ्या : १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नवापर्यंत चढते, नवावर टेकते, पुन्हा एकापर्यंत उतरते. उलटी वाचली तरी तीच.

तिचं कूळही मराठी मुलखातलं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ चा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळवलं, १९२९ ला बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तरकी केली. ह्या जातीच्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिलं, कारण कल्पना सुचली ती जी. आय. पी. रेल्वेच्या त्या नावाच्या स्टेशनवर. ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. आता तिथल्या फलाटावर कल्पना सुचण्याआधी उभं राहायला जागा मिळाली पाहिजे.

वाचून दाखवणं

संख्या घरी आणली की मोठ्याने वाचा : एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. ‘कोटी’ दोनदा का आलं, असं घरातली मंडळी विचारतील. कारण कोटींच्या पुढे आपली बोली थकते आणि कोटींचेच कोटी मोजू लागते. भास्कराचार्य थकले नव्हते. ११५० सालच्या ‘लीलावती’त त्यांनी एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य अशी ती चढत जातात. त्या हिशेबाने आपल्या संख्येतला सगळ्यात डावा १ सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ स्थानावर बसतो, आणि प्रत्यक्षात मधोमध असलेला ९ ‘अर्बुद’ स्थानावर. नावं देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ही संख्या नव्हती, हे त्यावरून दिसतंच.

भास्कराचार्य आपल्याला फार परके नाहीत. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला. १२०७ सालच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. अजिंठ्याच्या ज्या डोंगरांत आपली पैनगंगा उगम पावते, तेच डोंगर धरून पश्चिमेला गेलं की तो मुलूख येतो. आठशे वर्षांपूर्वी इकडे गणितासाठी मठाला दान मिळत होतं, ही गोष्ट वर्गणी मागायला येणाऱ्यांना ऐकवायला बरी.

जोडणी

आता ही संख्या तयार कशी होते ते वहीत करून बघा. नऊ एकं ओळीने लिहा : १११११११११. तिला तिच्यानेच गुणा. पाढा लागत नाही, एकाने गुणायचं आहे. तीच ओळ नऊ वेळा लिहायची, दर खेपेला एक घर डावीकडे सरकवून. वहीत तिरपी गंजी दिसू लागेल. आता बेरजेला उजवीकडून सुरुवात करा. पहिल्या रकान्यात एकच १. दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. नवव्या रकान्यात नऊच्या नऊ ओळी एकावर एक येतात, म्हणून ९. त्यापुढे उजवीकडच्या ओळी संपत जातात आणि रकाने पुन्हा आठ, सात, सहा असे बुटके होतात. चढउतार आला तो असा. एकाही रकान्यात दहा भरत नाहीत, म्हणून हातचा कुठेच घ्यावा लागत नाही. नऊपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चालतं. हे मनात ठेवा आणि दहावं एकं लिहायची घाई करू नका.

पहिल्या तपासण्या

नवी संख्या हातात आली की तिच्या अंकांची बेरीज करावी. इथे ती ८१ येते. आता त्या ८१ ने खुद्द संख्येला भाग जातो का बघा. जातो, बाकी शून्य, भागाकार १५२४१५७८९९७१०४१. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं. आपली हर्षद निघाली. भागाकाराकडे नीट बघणाऱ्याला आणखी एक खोली सापडते : तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. ह्यात ८ नाही, हे बारकाईने पाहा. ह्या आठ नसलेल्या संख्येला ९ ने गुणलं की नऊ एकं ओळीने उभी राहतात. आठ कुठे गेला, हे पुढे कळेल.

दुसरी तपासणी कुळाची. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. १८८४ मध्ये २१ मिळवले की १९०५ येतात, म्हणजे कापरेकरांच्या जन्मसालाला बाप आहे. काही संख्या मात्र अशा कुणापासूनच जन्मत नाहीत. कुठूनही सुरुवात केलीत तरी तिथे पोचता येत नाही. त्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं, देवळाली संख्या असंही नाव दिलं आणि १९६३ साली त्यांच्यावर पुस्तिका काढली. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ अशी ती मंडळी. मास्तर ज्या साली देवळालीत रुजू झाले ते १९३० सुद्धा स्वयंभू. मास्तरांच्या हे ध्यानात आलं नसेल असं मला तरी वाटत नाही.

आपली सतरा अंकी स्वयंभू आहे का? उगाच शेंदूर फासायच्या आधी तपासा. तिच्यातून ८१ वजा करा : १२३४५६७८९८७६५४२४०. हिच्या अंकांची बेरीजही ८१ च. म्हणजे हिच्यात ८१ मिळवले की आपली संख्या आली, आणि बाप सापडला. स्वयंभू नाही. वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या पिढीच्या,...४४०२ ने संपणाऱ्या संख्येच्या अंकांची बेरीज काढा, तीही ८१ भरते. आजा, बाप, नातू तिघांची बेरीज एक. एवढं साधर्म्य रेशनकार्डावरसुद्धा मिळत नाही.

बसस्थानकावरचा सराव

मोठ्या संख्येने डोकं शिणलं की चार अंकी घ्याव्या. त्यासाठी स्टँडसारखी जागा नाही. समोरून जाणाऱ्या गाडीचा चार आकडी नंबर घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक मोठ्यापासून लहानाकडे मांडा, मग लहानापासून मोठ्याकडे, आणि वजाबाकी करा. उत्तराचं पुन्हा तेच. शून्य पुढे आलं तर टाकू नका, तेही एक घर अडवतं. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि मग तेच येत राहतं. गाडी ट्रॅक्टर असो की आमदारांची, फरक पडत नाही.

उदाहरणाला १९०५ च घेऊ. ९५१० वजा ०१५९, ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. पुरत्या सात पायऱ्या. मास्तरांना ही गोष्ट सापडली १९४६ साली. ते साल घातलं तर पहिल्याच वजाबाकीत ८१७२ येतात आणि वर दिलेली वाट लागते. ते वारले १९८६ साली. त्या सालाचेही पहिल्या वजाबाकीत ८१७२ च. १९४९ मध्ये त्यांनी मद्रासच्या गणित परिषदेत हे मांडलं, १९५५ साली ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त छापून आलं आणि १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला देवळाली कळली. मधली वर्षं पदरमोड करून छापलेल्या पुस्तिकांत गेली.

हाच खेळ सहा अंकांवर करायला गेलात तर सावध. बुलढाण्याचा पिनकोड ४४३००१. पहिली वजाबाकी ४४१७५६, मग ६२०८७४, मग ८५१७४२. आता इथून पुढे बघा : ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि पुन्हा ८५१७४२. सहा अंकी संख्यांना थांबायला ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन मुक्काम आहेत, पण हा पिनकोड दोन्हीकडे फिरकत नाही. तो सात ठिकाणी गोल फिरत राहतो. वारसाच्या फेरफारासाठी तलाठी, मंडळ अधिकारी, तहसील, पुन्हा तलाठी असं ज्याने केलं आहे त्याला हे समजवावं लागणार नाही.

घ्यावयाची काळजी

चौकात बसून वहीत आकडे मांडणाऱ्या माणसाकडे बघण्याची एक ठरलेली नजर असते. कुणीतरी शेजारी येऊन टेकतो, वहीत डोकावतो आणि हलक्या आवाजात विचारतो, “काय भाऊ, ओपन का क्लोज?” रागावू नका. त्याचं घराणं वेगळं असलं तरी उगम आपल्याच पिकात आहे. १९६० च्या आसपास मुंबईत आकड्याचा जुगार खेळला जायचा तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर; ओपन आणि क्लोज हे तिथले. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याकडे हे शब्द असे लांबून फिरून आले. त्याला शांतपणे वही दाखवा आणि सांगा, ह्यात नेहमी ६१७४ च येतो. तो उठून जाईल. ज्या आकड्यावर सगळ्यांनाच लागतं त्यात त्याला काय रस?

घरच्यांचा प्रश्न अवघड असतो. “अहो, त्याचा उपेग काय?” हाच प्रश्न इंग्लंडातल्या जी. एच. हार्डी ह्या बड्या गणितज्ञाने फार सभ्य भाषेत विचारून ठेवला आहे. १९४० च्या आपल्या पुस्तकात त्याने ८७१२ आणि ९८०१ ह्यांचं उदाहरण दिलं : चार अंकांत ह्या दोनच संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत, पहिली २१७८ च्या चौपट, दुसरी १०८९ च्या नऊपट, आणि असल्या गोष्टी वर्तमानपत्रातल्या कोड्यांना शोभतात, गणितज्ञाला त्यात काही नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच्या बाजूने एवढं मान्य केलं पाहिजे की ह्या करामती आपण दहाच्या घराने मोजतो म्हणून आहेत. आठाने मोजणारं गाव असतं तर ६१७४ ला तिथे कुणी ओळखलं नसतं. पण हार्डीने उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या ९८०१ चे दोन तुकडे करून बघा. ९८ आणि ०१. बेरीज ९९. आणि ९८०१ हा ९९ चाच वर्ग. कापरेकर तिथे थांबले, हार्डी पुढे गेला. मला विचाराल तर हार्डीने पाच मिनिटं थांबायला हरकत नव्हती.

वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की मूळ संख्या परत येते, अशा संख्यांना आता जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, २० आणि २५ मिळून ४५. ७०३ चा वर्ग ४९४२०९, ४९४ आणि २०९. २२२३ चा वर्ग ४९४१७२९. डावीकडे पुन्हा तेच ४९४, उजवीकडे १७२९, म्हणजे रामानुजनांना भेटायला हार्डी ज्या टॅक्सीने गेला तिचा नंबर. ह्या योगायोगाला काहीच अर्थ नाही, तरी तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

दहावं एकं

आपल्या सतरा अंकीवर हा प्रयोग केलात? केला नसेल तर करा. शेवटचे नऊ अंक वेगळे काढा. १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज येते ९९९९९९९९९. नऊ नवं. दिसायला देखणं, पण आपल्याला नऊ एकं हवी होती. थोडक्यात, आपली लाडकी ह्या परीक्षेत नापास.

आता धीर करून दहावं एकं लिहा. ११११११११११, दहा ओळी, तशीच तिरपी गंजी. उजवीकडून नऊ रकाने ठीक जातात. दहाव्यात दहा भरतात. शून्य लिहा, हातचा एक. पुढच्या रकान्यात नऊच आहेत, पण हातचा धरून पुन्हा दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्यापुढच्या रकान्यात आठ, हातच्यासकट नऊ, आणि तिथे गडबड मिटते. पुढे ७, ६, ५ ठरल्याप्रमाणे. उत्तर : १२३४५६७९००९८७६५४३२१. उलटं वाचून सारखं यायचं बंद झालं, मधोमध दोन शून्यांचा खड्डा पडला आणि डावीकडचा आठ नाहीसा झाला. आठाच्या रकान्यात हातचा आला आणि त्याचा नऊ झाला. नवशिके इथे वही मिटतात आणि ‘नऊपर्यंतच गंमत आहे’ असं गावभर सांगत सुटतात.

मिटू नका. शेवटचे दहा अंक वेगळे करा. १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१. बेरीज करा, सावकाश, खालच्या ओळीतला पुढचा शून्य न विसरता. ११११११११११. दहाच्या दहा एकं परत. देखणी होती तोवर ही संख्या जे करू शकली नाही, ते हातच्याने मोडतोड केल्यावर तिने केलं.

कारण फार खोल नाही. दहा एकांच्या संख्येतून १ वजा केला की उरलेल्याला ९ ने नि:शेष भाग जातो, आणि तो भागाकार म्हणजे १२३४५६७९०, आपल्या उत्तराचा डावा तुकडाच. नऊ एकांतून १ वजा केला तर ९ ने भाग जात नाही, म्हणून ती नापास. म्हणजे एकांची संख्या नवाच्या पटीहून एकाने जास्त हवी. दहा झाली. पुढची एकोणीस, तिच्या वर्गाचा डावा तुकडा १२३४५६७९०१२३४५६७९०, उजवा ०९८७६५४३२०९८७६५४३२१, आणि बेरजेत एकोणीस एकं. हे उत्तर इथे दिलं आहे ते ताळा पाहण्यासाठी. आधी स्वतः करा.

त्यापुढची अठ्ठावीस. आपल्या जिल्ह्याच्या गाड्यांवर एमएच २८ असतं, तेव्हा ही संख्या अकोल्याच्या किंवा जालन्याच्या कुणी हातात घेण्याआधी देऊळघाटातच पुरी झालेली बरी. उत्तर पंचावन्न अंकी येईल. वहीचं पान आडवं धरूनही पुरणार नाही; दोन पानं डिंकाने जोडा, वाळू द्या, आणि हातचे लाल शाईने लिहा.